मॅकबेथला कुणी बिघडवलं नाही

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वर बोलणं निघालं की ते ठरलेल्या वाटांनीच जातं. एक वाट म्हणते, भला शूर सरदार होता, बायकोने भरीस घातला आणि वाया गेला. दुसरी म्हणते, चेटकिणींनी भाकीत करून ठेवलं होतं. नियतीपुढे कुणाचं काय चालतं? तिसरी वर्गात शिकवली जाते आणि परीक्षेत पाठ करून लिहिली जाते: अति महत्त्वाकांक्षेने त्याचा घात केला. अलीकडे चौथी वाटही वहिवाटीची झाली आहे. ती म्हणते, दोष माणसाचा नाहीच, रक्तपातालाच पराक्रम मानणाऱ्या सरंजामी व्यवस्थेचा आहे. हे चारही पक्ष एकमेकांशी हिरिरीने भांडतात. पण ज्याच्या हातात सुरा होता त्याच्याकडे शक्यतो बघायचं नाही, यावर चौघांचंही एकमत दिसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. मॅकबेथला कुणी फसवलेलं नाही, ढकललेलं नाही, आंधळं केलेलं नाही. आपण काय करतोय आणि त्याची किंमत काय, हे त्याला नाटकातल्या इतर कुठल्याही पात्राच्या आधी आणि जास्त नीट कळतं. कळूनही तो ते करतो. महत्त्वाकांक्षा त्याच्यापाशी आहे, पण ती दुसऱ्या अंकाअखेर पुरी होते. उरलेले तीन अंक तिच्याबद्दल नाहीतच. हा वाद नाटकवेड्यांपुरता ठेवून भागणार नाही, कारण सत्तेतला माणूस घसरला की आपण सार्वजनिक जीवनातही हाच हिशेब मांडतो: सल्लागार वाईट होते, घरच्यांनी नादी लावलं, काळच तसा होता.

आधी घटनाक्रम पाहू, कारण निम्मा गोंधळ तो विसरल्यामुळे होतो. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात चेटकिणी माळावर भेटतात आणि म्हणतात, तू कॉडॉरचा सरदार आहेस आणि पुढे राजा होशील. बस, एवढंच. गादीवरच्या डंकन राजाला मार असं त्या सांगत नाहीत. डंकनचं नावसुद्धा काढत नाहीत. शेजारी उभा असलेला बँको मित्राचा चेहरा बघून विचारतो, इतकी गोड गोष्ट ऐकून तू दचकलास का? माझ्या मते नाटकातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. राजपद मिळणार असं ऐकून माणूस हरखेल, हसेल, थट्टेवारी नेईल. दचकेल कोण? ते वाक्य कानी पडण्याआधीच ज्याच्या मनात काहीतरी शिजत होतं, तो. थोड्याच ओळींनी कॉडॉरची सरदारकी खरोखर मिळाल्याची बातमी येते आणि राजपदाच्या संदर्भात खुनाचा उच्चार पहिल्यांदा होतो तो मॅकबेथच्या स्वगतात. आपले केस उभे राहिलेत, काळीज बरगड्यांवर आदळतंय, हे तो स्वतःच सांगतो. या क्षणापर्यंत त्याची बायको रंगमंचावर आलेलीही नाही. तिला पत्र पुढच्या मुक्कामी मिळायचं आहे. आणि ते मिळण्याआधी, चौथ्या प्रवेशात, डंकन आपल्या मुलाला, माल्कमला, वारस म्हणून जाहीर करतो तेव्हा मॅकबेथ ताऱ्यांना विनवतो की तुमचा उजेड झाका, माझ्या काळ्या इच्छा कुणाला दिसू नयेत. हे कुणाच्या भरीस पडलेल्या माणसाचं बोलणं आहे?

तरीही बायकोचा मुद्दा हलक्यात काढता येणार नाही. विरुद्ध बाजूचा तोच सगळ्यात भक्कम पुरावा आहे. सातव्या प्रवेशात मॅकबेथ मेजवानीतून उठून एकटाच बाहेर येतो आणि डंकनला का मारू नये याची कारणं मोजतो. मी त्याचा आप्त आहे. मी त्याचा प्रजाजन आहे. आज मी त्याचा यजमान आहे. मारेकऱ्याला दाराबाहेर ठेवणं माझं काम, सुरा मीच कसा धरू? शिवाय हा राजा इतका निर्मळ वागला आहे की त्याचे गुणच देवदूतांसारखे तुताऱ्या फुंकून दाद मागतील. इतकं बोलल्यावर बायको येते आणि तो तिला स्वच्छ सांगतो की हे प्रकरण इथेच थांबवू. पुढच्या पन्नासेक ओळींत तो पूर्ण फिरतो. ती नसती तर डंकन त्या रात्री जगला असता, हे मान्यच करावं लागेल.

पण त्या ओळींत घडतं काय ते बारकाईने बघा. ती त्याच्या एकाही कारणाचं खंडन करत नाही. आप्त असला म्हणून काय झालं, पाहुणा असला म्हणून काय बिघडलं, असं एक अक्षर ती बोलत नाही. ती त्याच्या पुरुषपणावर बोट ठेवते, शब्द दिलास तो पाळ म्हणते, आणि आपण शब्द दिला असता तर अंगावर पिणारं मूल उपटून त्याचं डोकं फोडलं असतं, असं अंगावर काटा आणणारं बोलते. त्यातच आणखी एक गोष्ट निसटून येते: हा बेत मुळात तूच माझ्यापाशी काढलास, तेव्हा ना वेळ जमत होती ना जागा. मॅकबेथ हे नाकारत नाही. आणि एवढ्या भडिमारानंतर तो विचारतो काय? “आणि आपण फसलो तर?” प्रवेशाच्या सुरुवातीला प्रश्न ‘करावं का’ हा होता, आता तो ‘जमेल का’ असा झाला. नाटकाचा सांधा इथे बदलतो, आणि तो बदलतो मॅकबेथच्याच तोंडून. जमण्याच्या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर तयार आहे: राजाच्या दोन खोलीरक्षकांना दारू पाजून लोळवायचं आणि दोष त्यांच्या माथी मारायचा. यावर तो खूश होतो आणि बेताला तपशील पुरवतो. त्या झोपलेल्यांना रक्त फासू आणि कट्यारीही त्यांच्याच वापरू, ही भर त्याची आहे. ज्याच्या इच्छेविरुद्ध काम करवून घेतलं जातं, तो माणूस बेत सुधारून देत नाही.

तिचा वाटा लहान नाही. ती सहअपराधी आहे, कट्यारी परत ठेवायला रक्तात हात बुडवून तीच जाते. पण निजलेला राजा आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच काम उरकलं असतं, असं म्हणणारी बाई ऐन वेळी हात उचलू शकली नाही, हेही त्याच प्रवेशात आहे. त्याने उचलला. सकाळी खून उघडकीस येतो तेव्हा मॅकबेथ त्या दोन बेशुद्ध रक्षकांनाही कापून काढतो. हे बेतात नव्हतं. बायकोला विचारलेलं नव्हतं. त्या हत्यांचं वर्णन तो भर सभेत करत असताना ती कोसळते. ते सोंग की खरंच, यावर टीकाकार भांडतात. माझा कौल खरंच कोसळण्याकडे आहे, कारण बेताबाहेरचे हे खून तिला त्याच क्षणी कळतात.

तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशाने तर हा वाद संपायला हवा होता. मॅकबेथ आता राजा आहे. तो दोन दरिद्री, नाडलेल्या माणसांना बोलावतो आणि बँकोला व त्याच्या मुलाला मारायची कामगिरी देतो. त्यांना तयार करताना तो काय म्हणतो? तुम्ही माणसं आहात म्हणता. असाल, यादीत सगळेच माणसं असतात, जसे शिकारी, गावठी, केसाळ सगळे एका ‘कुत्रा’ या नावाखाली मोडतात. खरे मर्द असाल तर दाखवा. म्हणजे पहिल्या अंकात बायकोने जे हत्यार त्याच्यावर चालवलं, तेच तो आता दुसऱ्यांवर चालवतो. हा माणूस बायकोच्या शब्दांचा बळी राहिलेला नाही, त्या शब्दांचा कारागीर झाला आहे. आणि पुढच्याच प्रवेशात ती काय करायचंय असं विचारते तेव्हा तो लाडाने सांगतो, तुला माहीत नसलेलंच बरं. झालं की शाबासकी दे. मेजवानीत त्याला मेलेल्या बँकोचं भूत दिसतं तेव्हा ती शिकस्त करून त्याला सावरते, पाहुण्यांना घालवते. त्यानंतर ती थेट पाचव्या अंकात झोपेत चालताना दिसते, हात चोळत, आणि विचारते की फाइफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे? त्या सरदाराच्या, मॅकडफच्या, बायकामुलांना मॅकबेथने मारवलं आहे. ज्या खुनाची तिला कल्पनाही दिली नव्हती तो खून तिच्या झोपेत आला आहे. त्याच्या झोपेचं काय झालं, ते त्याने डंकनच्या रात्रीच सांगून टाकलं होतं.

आता नियती. भाकितं खरी ठरतात, तेव्हा नियतीवाद्यांची बाजू वरवर मजबूत वाटते. तिला तर्काची एकच कसोटी लावून पाहू. भाकीत अटळ आहे असं मॅकबेथ मानत असेल, तर डंकनला मारायची गरज काय? गादी आपोआप येईलच. हा विचार त्याला सुचलाही होता. दैवाला मला राजा करायचंच असेल तर माझ्या खटपटीशिवायच करेल, असं तो पहिल्याच अंकात म्हणतो. बरं, भाकीत अटळ आहे म्हणून डंकनला मारलं असं समजू. मग बँकोचे वंशज राजे होतील हे भाकीतही तितकंच अटळ. मग बँकोच्या मुलावर, फ्लीअन्सवर, मारेकरी कशाला? सोयीचं भाकीत पुरं करायला खून आणि गैरसोयीचं भाकीत मोडायलाही खून. चौथ्या अंकात स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही तुला मारू शकणार नाही असं ऐकल्यावर तो म्हणतो, मग मॅकडफला कशाला भ्यायचं, जगू दे. आणि त्याच दमात म्हणतो, तरी खात्रीवर दुहेरी खात्री करून घेऊ, मरू दे. नियतीवर भरवसा असलेल्या माणसाचं हे वागणं नाही. पत्रिका बघून निर्णय घेतो असं सांगणारा, पण पत्रिका उलटी निघाली की दुसरा ज्योतिषी शोधणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे.

बँको याच भाकिताचा वाटेकरी आहे. त्यालाही मोह होतो. झोपेत येणारे वाईट विचार आवर, अशी तो प्रार्थना करतो. बँको निष्कलंक आहे असं म्हणायचा माझा हट्ट नाही. मॅकबेथने डाव खेळून गादी मिळवली असा संशय आल्यावरही तो गप्प राहतो आणि आपल्या वंशाला काय मिळेल याची आशा धरतो. या गप्प बसण्याची किंमत तो मोजतो. पण मोह होणं, मोहाबद्दल गप्प बसणं आणि मोहासाठी निजलेल्या पाहुण्याला भोसकणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि तोच माळ, त्याच चेटकिणी, तीच भाकितं असूनही एक माणूस दुसऱ्या पायरीवर थांबला. हा फरक परिस्थितीने कसा समजावणार?

तिसरा आक्षेप परीक्षेतल्या उत्तराचा, आणि त्याला खुद्द मॅकबेथचाच आधार आहे. माझ्या बेताला टाच मारायला दुसरं काही नाही, केवळ उड्या मारणारी महत्त्वाकांक्षा आहे, जी घोड्यावर झेप घेताना पलीकडे जाऊन पडते, असं तो सातव्या प्रवेशातल्या त्याच स्वगतात म्हणतो. मग वाद कशाला? कारण तो हे म्हणतो ते बेत सोडताना. महत्त्वाकांक्षा हे पुरेसं कारण नाही, असा त्या वाक्याचा अर्थ आहे, आणि लगेच तो नकार देतो. जी गोष्ट त्याला अपुरी वाटली तीच आपण पुरेसं कारण म्हणून लिहितो.

दुसरं असं की या महत्त्वाकांक्षेचं आयुष्य फार थोडं आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मॅकडफ सांगतो की मॅकबेथ राज्याभिषेकासाठी स्कोनला गेला. हवं ते मिळालं. तिसऱ्या अंकात तो पहिल्यांदा एकटा बोलतो तेव्हा म्हणतो, नुसतं राजा असणं काहीच नाही, निर्धास्त राजा असायला हवं. इथून पुढे त्याला आणखी काहीही नको आहे. राज्य वाढवायचं नाही, कीर्ती नको, संपत्ती नको. मुकुट डोक्यावर आल्यानंतर तो एका क्षणासाठीही त्याचा आनंद घेत नाही; शेक्सपिअरचाच दुसरा खलनायक राजा, तिसरा रिचर्ड, निदान आपल्या दुष्टपणाची मजा तरी लुटतो. मॅकबेथचे बँकोपासूनचे सगळे खून भीतीचे आहेत. पहिल्या गुन्ह्याने जे भय निर्माण केलं ते बुजवायला दुसरा, दुसऱ्याने उघडलेलं बुजवायला तिसरा. रक्तात इतका आत आलोय की परत फिरणं पलीकडे जाण्याइतकंच जड, हे तो मेजवानीनंतर म्हणतो, आणि त्या वाक्यात आकांक्षेचा मागमूस नाही. म्हणून ‘अति महत्त्वाकांक्षेचा परिणाम’ हे उत्तर पाचपैकी दोन अंकांना लागू पडतं आणि तीन अंक उघड्यावर सोडतं.

शेक्सपिअरचा समकालीन मार्लो याच्या नाटकातल्या, सैतानाला आत्मा विकणाऱ्या फॉस्टसमध्ये हेच वेगळ्या रीतीने दिसतं. 24 वर्षांच्या मुदतीवर आत्मा लिहून देण्याआधी त्याची स्वप्नं अफाट आहेत: जर्मनीभोवती पितळेची भिंत, ऱ्हाइन नदीचा विटेनबर्गला वेढा. करारासाठी काढलेलं रक्त सही करताना गोठतं, हातावर ‘पळून जा, माणसा’ असा इशारा उमटतो, तो सगळं वाचतो आणि तरीही करार हवाली करतो. मग या सत्तेचं तो करतो काय? पोपच्या पंगतीत अदृश्य होऊन ताटं हिसकावतो, घोडेव्यापाऱ्याला गवताचा घोडा विकतो, एका सरदारीणबाईला थंडीत द्राक्षं आणून देतो. भिंत राहिली, नदी राहिली. या माणसाची महत्त्वाकांक्षा अति झाली म्हणायचं, की सही झाल्या दिवसापासून आटत गेली म्हणायचं? तरुणांना महत्त्वाकांक्षेची भीती घालणारे शिक्षक या नाटकांचा आधार घेतात ते म्हणूनच चुकीचं आहे. मोठं व्हायची इच्छा धरणं ही चूक आहे, असं यांतलं एकही नाटक सांगत नाही.

शेक्सपिअरने मूळ कथेचं काय केलं, हा पुरावा या वादात फारसा कुणी पुढे आणत नाही, आणि मला तो निर्णायक वाटतो. त्याच्यासमोर हॉलिनशेड या इंग्रज इतिहासकाराची बखर होती. तिची दुसरी आवृत्ती 1587 ची. त्या बखरीतला डंकन ढिला राजा आहे, गुन्हेगारांना शासन करण्यात कुचराई करणारा. मॅकबेथकडे गादीवरचा हक्कही आहे: वारस वयाने अज्ञान असेल तर जवळच्या रक्ताच्या आप्ताला राज्य मिळावं असा जुना कायदा, आणि डंकनने मुलाला पुढे करून तो मोडला, ही त्याची तक्रार आहे. बँको कटात सामील आहे. राज्य मिळाल्यावर मॅकबेथ पुढली 10 वर्षं चांगला कारभार करतो, कायदे करतो. खऱ्या इतिहासात तर 1040 मध्ये एल्गिनजवळच्या लढाईत डंकन पडला, आणि मॅकबेथने 1057 पर्यंत राज्य केलं. मधल्या काळात तो रोमच्या यात्रेलाही जाऊन आला. नाटककाराने यातली एकेक पळवाट शोधून बुजवली. ढिला राजा सज्जन वृद्ध झाला. लढाई जाऊन झोपेतला खून आला, आणि तोही त्याच बखरीतल्या दुसऱ्या प्रकरणातून, डॉनवाल्डने डफ राजाला आपल्या गढीत मारलं त्या हकिकतीतून, पाजलेले रक्षक आणि चिथावणाऱ्या बायकोसकट उचलून. हक्काची तक्रार गाळली. 10 वर्षांचा चांगला कारभार गाळला. बँकोला निर्दोष करण्यामागे व्यावहारिक कारण होतंच. गादीवरचा जेम्स राजा स्वतःला बँकोचा वंशज म्हणवत होता. पण बाकीचे बदल त्या एका कारणाने समजत नाहीत. ज्या नाटककाराला ‘बिचारा परिस्थितीचा बळी’ दाखवायचा होता, तो परिस्थितीची सगळी कारणं कापून कशाला टाकेल?

व्यवस्थेचा मुद्दा मांडणाऱ्यांचं म्हणणं यापुढेही उरतं आणि ते खोटं नाही. दुसऱ्याच प्रवेशात बातमी येते की मॅकबेथने शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला, आणि राजा त्याला धन्य धन्य म्हणतो. हिंसेवर बक्षीस देणारा दरबार आहे. चौथ्या अंकात माल्कम मुद्दाम मॅकडफसमोर स्वतःला विषयलंपट आणि लोभी म्हणवून घेतो, तर हा प्रामाणिक मॅकडफसुद्धा म्हणतो की चालेल, राजा म्हणून निभावून नेऊ. म्हणजे दुर्गुणांशी तडजोड करणं या राजकारणाच्या हाडीमाशी आहे. इतकं सगळं मान्य. पण रणात शत्रूला चिरणं आणि आपल्या छपराखाली झोपलेल्या पाहुण्याला भोसकणं यांतला फरक त्या व्यवस्थेला कळत होता, आणि सगळ्यात स्पष्ट मॅकबेथलाच कळत होता. सातव्या प्रवेशातलं स्वगत दुसरं काय आहे? व्यवस्थेने त्याच्या हातात तलवार दिली. कट्यार त्याने काढली.

हा सगळा वाद मराठी वाचकाला परका नाही, कारण आपल्याकडे हेच नाटक शनिवारवाड्यात खरोखर घडलं आणि आपण त्याचा निकालही असाच लावून टाकला. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवात, अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा गारद्यांनी कापला. लोकांच्या तोंडी उरलं काय? ‘ध चा मा’. आनंदीबाईने ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं. ही कथा मुख्यतः परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे, पण तिने एका माणसाला अडीच शतकं सावलीत बसवून ठेवलं. राघोबादादांचं आधीचं वर्तन पाहा. 1762 मध्ये निजामाची मदत घेऊन ते सख्ख्या पुतण्याविरुद्ध, थोरल्या माधवरावाविरुद्ध, घोडनदी-आळेगावला लढले होते. 1768 मध्ये धोडपला पुन्हा लढले, हरले आणि कैदेत पडले. गादीची हाव धरायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि गृहीत धरू की अक्षर खरंच बदललं. तरी धरण्याचा हुकूम कुणाचा होता? गादीवरच्या पेशव्याला भाडोत्री, पगार थकलेल्या, हत्यारबंद गारद्यांकरवी धरायला लावलं तर काय होऊ शकतं, हे राघोभरारीचा लौकिक असलेल्या सेनानीला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी परंपरेने काकाच्याच दाराशी नेऊन ठेवली आहे, काकूच्या नव्हे. पण म्हण मात्र काकूवर बेतली.

रामशास्त्र्यांना हा घोटाळा झाला नाही. चौकशी केल्यावर त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबादादांना, आणि न्यायाधीशाचं पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. पुढे मॅकबेथच्या तिसऱ्या अंकासारखंच घडलं. पेशवाई मिळाली, पण निर्धास्तपणा मिळाला नाही. बारभाई उभे राहिले, आणि 1775 मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह करून दादांनी साष्टी आणि वसई देऊ केली. चिमाजी आप्पांनी जिवाचं रान करून घेतलेली वसई. या तहात कुणाचं अक्षर कुणी बदललं होतं? अटकेकडे झेंडे नेणाऱ्या माणसाची ती आकांक्षा होती का? ते मिळालेलं टिकवण्याचं भय होतं. 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यांच्या वाट्याला नेमणूक आली आणि दुसऱ्याच वर्षी ते गेले. खाडिलकरांनी 1909 मध्ये ‘भाऊबंदकी’ लिहिलं तेव्हा आनंदीबाईत लेडी मॅकबेथची छाया पुष्कळांना दिसली. प्रेक्षक आनंदीबाईचा राग घेऊन घरी जात असतील, पण त्या नाटकातही नैतिक उंची आहे ती रामशास्त्र्यांपाशी, आणि रामशास्त्री बोट दाखवतात ते दादांकडे.

यावर एक रास्त शंका उरते. सगळा दोष त्याचाच असेल तर मग ही शोकांतिका कशी? ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात बजावलं आहे की निखळ दुष्टाचं पतन पाहून ना करुणा वाटते ना भय; नायकाकडून चूक व्हावी, दुष्टावा नव्हे. त्याच्यासमोर ईडिपस होता. ईडिपसला माहीत नव्हतं की तिठ्यावर मारलेला म्हातारा आपला बाप आहे. कळलं तेव्हा त्याने डोळे फोडले. मॅकबेथला सगळं आधीच दिसत होतं. मग आपल्याला त्याच्याबद्दल हळहळ का वाटते? मला वाटतं, याच कारणाने. चांगुलपणा त्याच्यापासून लपलेला नाही. पाचव्या अंकात, सगळं हातचं गेल्यावर, म्हातारपणी जे सोबत असायला हवं त्याची यादी तो देतो: मान, प्रेम, आज्ञाधारक माणसं, मित्रांचे थवे. यांतलं मला काही मिळणार नाही. मिळतील ते दबक्या आवाजातले शाप आणि तोंडदेखला आदर. निखळ दुष्टाला ही यादी करता येत नाही. त्याच्यावरचा दोष हलका केला तर ही करुणाही हलकी होते, कारण मग तो अपघातात सापडलेला माणूस होतो. अपघाताबद्दल वाईट वाटतं, पण त्याला कुणी पाच अंक बसून बघत नाही.

मराठीत हे नाटक एकोणिसाव्या शतकाअखेरीस शिवराम महादेव परांजप्यांनी ‘मानाजीराव’ म्हणून आणलं, 1954 मध्ये शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ म्हणून. पुढेही ते होत राहील, आणि ते बसवणाऱ्यांच्या काटछाटीवर पुष्कळ अवलंबून राहील. प्रयोग सव्वादोन तासांत बसवायचा म्हटलं की कात्री ठरलेल्या जागी लागते. मारेकऱ्यांना पटवण्याचा प्रवेश लांबलचक म्हणून अर्धा होतो; मॅकडफच्या बायकामुलांचा प्रवेश ‘मुख्य पात्रं नाहीत’ म्हणून जातो; डंकनच्या रक्षकांचे खून एका ओळीत निघून जातात. या तिन्ही काटछाटी एकाच दिशेने काम करतात, कारण हे तिन्ही गुन्हे बायकोच्या गैरहजेरीतले आहेत. ते गेले की उरतं पहिल्या अंकातलं नवरा-बायकोचं भांडण आणि पाचव्या अंकातलं झोपेतलं चालणं, आणि प्रेक्षक तिच्यावर खटला चालवून घरी जातो. वेळ वाचवायचाच असेल तर मेजवानी आटोपती घ्या, चेटकिणींचं नाचगाणं गाळा. ते मागाहून दुसऱ्या हाताने घुसडलं असल्याचं अभ्यासक मानतातच. पण मॅकडफचा पोरगा आईशी हुज्जत घालतो, जगात लबाडच जास्त आहेत, मग भल्यांनाच बांधून फासावर का देत नाहीत असं विचारतो, आणि दोन मिनिटांत आईच्या देखत मारला जातो, ते प्रेक्षकाने बघितलंच पाहिजे. चेटकिणींनी सुचवलेलं नाही, बायकोला विचारलेलं नाही, गादीला त्या पोराचा धोका नाही. बाप तर इंग्लंडला निघूनही गेला आहे.

शेवटच्या भाषणात नवा राजा माल्कम मॅकबेथला मेलेला खाटीक म्हणतो आणि त्याच्या राणीला राक्षसीण. जिंकणाऱ्याचा निकाल आहे, घाईचा आहे, आणि तो देणारा त्या घरातल्या एकाही रात्रीचा साक्षीदार नव्हता. बापाच्या खुनानंतर तर तो पहाटेच पळून गेला होता. प्रेक्षक साक्षीदार आहे. त्याने सातवा प्रवेश पाहिला आहे, तिसऱ्या अंकातलं कुत्र्यांचं भाषण ऐकलं आहे. त्यानेही माल्कमचाच निकाल उचलून घरी न्यावा, आणि वर राणीचा दोष राजापेक्षा जास्त होता अशी भर घालावी, याला नाटकात कुठेही आधार नाही.